तीन कोर्स झाले, ॲप एकही नाही. ॲप बनवायला शिकताना नेमकं काय शिकायचं?

पाटीपेन्सिल:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकते. माझं रोजचं काम कॉम्प्युटरवरचंच आहे पण प्रोग्रॅमिंगचं नाही. दीड वर्षापूर्वी ठरवलं की अँड्रॉइड ॲप बनवायला शिकायचं आणि त्याला कारण एकच, बाबांच्या गोळ्या. दिवसातून चार वेळा, त्यातली एक दिवसाआड, आणि स्टोअरवरची जी ॲप्स बघितली त्यातली बटणं बाबांना दिसतच नाहीत इतकी बारीक. म्हटलं आपणच करू.

तीन ऑनलाइन कोर्स पूर्ण केले. पहिला जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा होता, दुसरा कोटलिन ही भाषा आणि स्क्रीन मांडायच्या एक्सएमएलचा, तिसरा स्क्रीन बनवायच्या नव्या पद्धतीचा, जेटपॅक कंपोझचा. तिन्हींची सर्टिफिकिटं आहेत. प्रत्येकात व्हिडिओ थांबवत थांबवत टू-डू लिस्ट, हवामान, क्विझ असं सगळं केलं आणि ते चाललं पण. कोर्स बंद करून रिकामा प्रोजेक्ट उघडला की मात्र कुठून सुरुवात करायची तेच सुचत नाही.

तरी कसंबसं गोळ्यांचं ॲप अर्धं झालंय. माझ्या फोनवर व्यवस्थित चालतं, बाबांच्या फोनवर टाकलं की उघडताक्षणी बंद. "ॲप थांबले आहे" एवढंच येतं. चार दिवस झाले, इंटरनेटवर तोच मेसेज शोधतेय आणि प्रत्येक ठिकाणी वेगळंच उत्तर मिळतंय.

चौथा कोर्स करू का? केला तर कुठला? आणि मुळात फ्लटर हे ॲप बनवायचं दुसरं साधन शिकायला हवं होतं का, कारण जो तो तेच सांगतोय.

गारवेल:

मी फ्लटरवाली. २०१८ च्या डिसेंबरमध्ये फ्लटर १.० आलं त्यानंतर लगेच हात घातला आणि अजून त्यातच आहे. हॉट रीलोडमुळे शिकणाऱ्याला फार मदत होते, कोड बदलला की डोळ्यासमोर स्क्रीन बदलते आणि ॲप होतं त्याच जागी राहतं. एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही. पण तुम्हाला फ्लटरकडे या असं मी अजिबात सांगणार नाही, कारण तुमच्या ॲपचा जीव अलार्म आणि नोटिफिकेशनमध्ये आहे आणि तिथे फ्लटर असो नाहीतर त्याच्यासारखंच रिॲक्ट नेटिव्ह, शेवटी प्लगइनमधून, म्हणजे जोडतुकड्यातून, खालच्या अँड्रॉइडलाच विचारावं लागतं. परवानग्या त्याच, बॅटरीचे नियम तेच. अर्धं ॲप कोटलिनमध्ये झालंय तर तेच पूर्ण करा.

रात्रपाळी:

चौथा कोर्स नको. आधी तो क्रॅश बघू.

"ॲप थांबले आहे" हा मेसेज वापरणाऱ्यासाठी असतो, आपल्यासाठी नसतो. आपल्यासाठी फोनने सगळं लिहून ठेवलेलं असतं, ते लॉगकॅटमध्ये, म्हणजे फोनच्या नोंदींच्या यादीत. तिन्ही कोर्समध्ये लॉगकॅट कुणी उघडून दाखवलं का? बहुतेक नाही, कारण व्हिडिओत ॲप कधी क्रॅशच होत नाही.

बाबांच्या फोनच्या सेटिंगमध्ये "फोनबद्दल" मध्ये जा, बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. त्यात यूएसबी डिबगिंग चालू करा, केबल लावा, फोन परवानगी विचारेल ती द्या. अँड्रॉइड ११ किंवा पुढचं असेल तर केबलशिवाय वायरलेस डिबगिंगने पण जमतं. मग अँड्रॉइड स्टुडिओमध्ये (जिथे ॲप लिहिता तिथे) खाली लॉगकॅट उघडा, वरच्या फिल्टरमध्ये फक्त तुमचं पॅकेज, म्हणजे ॲपचं आतलं नाव, ठेवा आणि बाबांच्या फोनवर ॲप उघडा. लाल ओळींचा ढीग येईल, घाबरू नका. त्यात "कॉज्ड बाय" असं जिथे जिथे दिसेल त्यातलं सगळ्यात शेवटचं पकडा, आणि त्याच्या खाली तुमच्या स्वतःच्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ शोधा. फाइलचं नाव आणि ओळ नंबर असेल. त्या दोन ओळी इथे टाका.

आणि झालं की डिबगिंग परत बंद करा, बाबांचा रोजचा फोन आहे तो.

उलटसुलट:

रात्रपाळींनी दुखऱ्या जागी बोट ठेवलंय म्हणून जरा मोठं लिहितो. मी गेली काही वर्षं ॲप डेव्हलपमेंट शिकवतोय, नवशिक्यांच्या छोट्या बॅचेस असतात. सुरुवातीला मी पण तसंच शिकवायचो, मी टाइप करतोय आणि समोरचे माझं बघून टाइप करतायत, तासाच्या शेवटी सगळ्यांचं ॲप चालतंय आणि सगळे खूष. दोन महिन्यांनी त्यातलेच लोक फोन करून विचारायचे की सर आता काय करू. आधी वाटायचं पोरं घरी सराव करत नाहीत. मग एकदा एकीच्या शेजारी बसून तिला काम करताना नुसतं बघितलं. एरर आली की ती वाचतच नव्हती. लाल रंग दिसला की लगेच सगळं आधीच्या स्थितीला, आणि पुन्हा व्हिडिओ सुरू. हे मीच तिला शिकवलं होतं, कारण माझ्या तासाला एरर आली की मी ती पटकन पुसून पुढे जायचो.

तेव्हापासून पद्धत बदलली. आता पहिल्या आठवड्यानंतर मी बिघडवलेली ॲप्स देतो. चालणारं छोटं ॲप घ्यायचं, त्यात एकच खोट घालायची आणि समोरच्याच्या हातात द्यायचं. नवीन ओळ लिहायची नाही, फक्त काय बिघडलंय ते शोधायचं आणि कसं शोधलं ते वहीत लिहायचं.

एका ॲपमध्ये फोन आडवा केला की भरलेला फॉर्म रिकामा होतो. का, तर फोन फिरवला की अँड्रॉइड ती ॲक्टिव्हिटी, म्हणजे ती स्क्रीन, मोडून नव्याने उभी करतं, हे व्याख्यानात दहा वेळा सांगून जे डोक्यात शिरत नाही ते इथे अर्ध्या तासात शिरतं. मग लोक व्ह्यूमॉडेल (स्क्रीनचा डेटा तिच्याबाहेर धरून ठेवणारा भाग) वापरून ते दुरुस्त करतात आणि खूष होतात, तेव्हा मी डेव्हलपर ऑप्शन्समधलं "ॲक्टिव्हिटीज ठेवू नका" चालू करायला सांगतो, दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन परत यायला लावतो, आणि फॉर्म पुन्हा रिकामा. म्हणजे फिरवणं वेगळं आणि मागे पडलेली स्क्रीन सिस्टिमने मोडून टाकणं वेगळं, दोन्हीला उत्तर वेगळं. आणखी एका ॲपमध्ये मी मोठी फाइल मुख्य थ्रेडवरच, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या कामाच्या धाग्यावरच, वाचायला लावलेली असते. बटण दाबलं की स्क्रीन गोठते, आणि स्पर्शाला ५ सेकंदांत उत्तर गेलं नाही की सिस्टिम "ॲप प्रतिसाद देत नाही" म्हणते. मग प्रोफायलर (ॲपचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) उघडायचा आणि मुख्य थ्रेड कुठे अडकलाय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. स्ट्रिक्टमोड नावाची सोय पण याचसाठी आहे, मुख्य थ्रेडवर डिस्क किंवा नेटवर्कचं काम केलं की लगेच ओरडते, फार जुनी सोय आहे आणि शिकणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

पाटीपेन्सिल, तुमचे तीन कोर्स वाया गेलेत असं समजू नका. लिहायला शिकलात, वाचायला शिकायचं राहिलंय.

नवा_गडी:

एक विचारू का, आता एआय आहे ना. एरर कॉपी करायची, चॅटमध्ये टाकायची, उत्तर येतं. मी पूर्ण ॲप असंच बनवलंय, लॉगकॅट वगैरे कधी उघडलं नाही. मग एवढं सगळं शिकायची गरज काय हे मला खरंच समजून घ्यायचंय.

रात्रपाळी:

गरज आहे, सांगतो का. मी स्वतः रोज वापरतो, अँड्रॉइड स्टुडिओतला जेमिनाय पण आणि बाहेरचे पण. अनोळखी एरर समजावून घ्यायला, टेस्ट लिहायला, एक्सएमएलमधलं जुनं कंपोझमध्ये आणायला उत्तम आहे. पण कॉपी करायला एरर आधी हातात लागते कुठे? पाटीपेन्सिल यांच्याकडे आत्ता फक्त "ॲप थांबले आहे" आहे. तेवढं टाकलं तर एआय पण तीच दहा कारणं देणार जी त्यांना चार दिवस मिळतायत.

दुसरं म्हणजे ही मॉडेल्स जुनं खूप वाचून आलेली आहेत. मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरच्या कोडमध्ये असिंकटास्क, म्हणजे मागे काम चालवायचा जुना मार्ग, दिसला. तो अँड्रॉइड ११ मध्ये, म्हणजे २०२० मध्येच कालबाह्य ठरवलाय. त्याला विचारलं तर म्हणाला एआयने दिलं आणि चाललं. तसंच ग्रेडलच्या फाइलमध्ये (ॲप कसं जोडायचं ते जिथे लिहितात) जेसेंटर हे तयार कोडचं जुनं कोठार दिसलं की समजा सल्ला जुना आहे, ते २०२१ मध्येच गोठवलंय. व्हिडिओ आणि ब्लॉगचंही हेच. या क्षेत्रात तीन वर्षांपूर्वीचं ट्युटोरियल बघताना पहिल्यांदा तारीख बघायची, नंतर मजकूर. आणि एआयने काही दिलं की त्यातलं प्रत्येक नाव अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये एकदा शोधायचं, कालबाह्य असेल तर तिथे ठळक लिहिलेलं असतं. दोन मिनिटांचं काम आहे.

नवा_गडी:

पटलं. माझ्यात पण एक असिंकटास्क निघाला, आत्ताच बघितलं.

निळी_शाई:

धागा अँड्रॉइडचा आहे पण शिकण्याबद्दलच चाललंय म्हणून आयफोनच्या बाजूने थोडं. आमच्याकडे पहिली अडचण म्हणजे एक्सकोड, म्हणजे आयफोनची ॲप्स बनवायचं साधन, फक्त मॅकवर चालतं, त्याला पर्याय नाही. ज्यांच्याकडे मॅक नाही पण आयपॅड आहे त्यांनी स्विफ्ट प्लेग्राउंड्स बघा, २०२१ च्या शेवटी आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात स्विफ्टयूआयचं (आयफोनच्या स्क्रीन बनवायची पद्धत) पूर्ण ॲप बनवून थेट ॲप स्टोअरला पाठवता येतं. फुकट ॲपल आयडीवर स्वतःच्या फोनवर ॲप टाकता येतं पण ते ७ दिवसच चालतं, पुन्हा टाकावं लागतं, त्यामुळे घरच्या कुणाला कायमचं द्यायचं तर वर्षाची फी भरून खातं घ्यावंच लागतं.

शिकायला स्टॅनफर्डचा सीएस१९३पी हा कोर्स माझा आवडता. लेक्चर्स फुकट आहेत. मला त्यात आवडलं ते हे की शिकवणारा डेटा कुठे राहतो आणि स्क्रीनला तो कसा कळतो यावर खूप वेळ थांबतो, बटणं कशी सजवायची यावर नाही. स्विफ्टयूआय २०१९ मध्ये आलं, जेटपॅक कंपोझ १.० २०२१ मध्ये, आणि दोन्हींचा गाभा एकच आहे, स्थिती बदलली की स्क्रीन आपोआप पुन्हा काढली जाते. ही गोष्ट एकदा नीट कळली की एकीकडून दुसरीकडे जाणं अवघड नाही, मी दोन महिन्यांत कंपोझ वाचायला लागले. म्हणून फ्लटर की नेटिव्ह हा प्रश्न शिकणाऱ्यासाठी लोक समजतात तेवढा मोठा नाही असं माझं मत.

पाटीपेन्सिल:

अहो सापडलं!!! म्हणजे ओळ सापडली, कारण कळलं नाही. केबल लावली, लॉगकॅट उघडलं, हात थरथरत होते खरंच. शेवटच्या "कॉज्ड बाय" पुढे डेटटाइमपार्सएक्सेप्शन आहे आणि त्यापुढे असं लिहिलंय की '०८:३०' हा मजकूर इंडेक्स ० पाशी पार्स करता आला नाही. खाली माझ्याच फाइलमधली ओळ आहे, जिथे मी लोकलटाइम डॉट पार्स (मजकुरातून वेळ वाचणारी आज्ञा) केलंय.

ॲप पहिल्यांदा उघडलं की मी चार ठरावीक वेळा डेटाबेसमध्ये टाकून ठेवते आणि मग वाचते. तास आणि मिनिटं जोडून दोन-दोन अंकी मजकूर बनवते, टक्का शून्य दोन डी वालं फॉरमॅट वापरून. माझ्या फोनवर हेच चालतं. ८:३० मध्ये चुकीचं काय आहे?

रात्रपाळी:

शाब्बास! एवढ्यात तुम्ही चार दिवसांचं काम एका संध्याकाळी केलंत. आता एरर पुन्हा वाचा, अक्षर न अक्षर. आकडे कुठल्या लिपीत आहेत?

पाटीपेन्सिल:

देवनागरी. बाबांचा फोन मराठीत आहे!! माझा इंग्रजीत.

रात्रपाळी:

बरोबर. आता आतलं यंत्र सांगतो, कारण मराठीत ॲप बनवणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं.

फॉरमॅट करताना तुम्ही भाषा सांगितली नाही तर ते फोनची चालू भाषा घेतं. प्रत्येक भाषेचे आकडे, तारखा, दशांशचिन्ह वगैरेंचे नियम युनिकोडच्या सीएलडीआर नावाच्या माहितीसाठ्यात असतात, अँड्रॉइड तेच वापरतं. त्यात मराठीचे मूळ आकडे देवनागरी धरलेत. हिंदीची लिपी तीच, पण हिंदीचे मूळ आकडे 1 2 3 असे धरलेत. म्हणून हिंदीत फोन ठेवून टेस्ट केलं तर हा बग दिसणारच नाही, मराठीत लगेच दिसेल. आणि लोकलटाइम डॉट पार्सला मात्र 0 ते 9 हेच अंक लागतात. म्हणजे लिहिणारा मराठीत लिहितोय आणि वाचणारा इंग्रजीतच वाचतोय, तुमच्याच ॲपमध्ये.

तात्पुरता उपाय म्हणजे फॉरमॅटला लोकेल डॉट रूट, म्हणजे कुठल्याच ठरावीक भाषेची नसलेली निवड, द्यायचं. पण मी तसं करणार नाही. मशीनला लागणारी वेळ मजकुरात ठेवूच नका, मध्यरात्रीपासूनची मिनिटं ठेवा. ८:३० म्हणजे ८ गुणिले ६० अधिक ३०, ५१० हा साधा पूर्णांक. स्क्रीनवर दाखवताना तेवढं त्याचं ०८:३० करा, तिथे देवनागरीच हवं, बाबांना वाचायचंय. वेळ, तारीख, रक्कम, सगळ्यांना हाच नियम, साठवताना संख्या आणि दाखवताना भाषा.

आणि कोड दुरुस्त केल्यावर बाबांच्या फोनवरचा ॲपचा डेटा साफ करा, नाहीतर जुना '०८:३०' डेटाबेसमध्ये तसाच बसलेला असेल आणि नवा कोड पण अडखळेल. अँड्रॉइड स्टुडिओत ॲप इन्स्पेक्शन म्हणून आहे, त्यात डेटाबेस चालू असताना उघडून बघता येतो, तिथे डोळ्यांनी खात्री करा.

उलटसुलट:

हे ॲप मी माझ्या बिघडवलेल्यांच्या यादीत घेणार, परवानगी असावी. एक भर घालतो, अँड्रॉइड स्टुडिओचा लिंट (कोडमधल्या संभाव्य चुका दाखवणारा तपासनीस) या ओळीवर पिवळी खूण करून सांगत होताच, "डिफॉल्ट लोकेल" नावाची सूचना असते ती. पिवळ्या खुणांवरून आपण सगळेच डोळे फिरवतो. महिन्यातून एकदा कोड इन्स्पेक्शन पूर्ण चालवून एकेक सूचना वाचावी, त्यातल्या काही निरर्थक निघतात पण प्रत्येक वाचताना काहीतरी नवीन कळतं.

पाटीपेन्सिल:

खरंच पिवळी होती, आत्ता बघितलं. मी ती दीड वर्ष बघतेय.

बदललं, मिनिटं ठेवली, बाबांच्या फोनवर ॲप उघडलं. ते बघून मी ओरडलेच. आता पुढचं, अलार्म. माझ्याकडे वर्कमॅनेजर वापरलाय, तिसऱ्या कोर्समध्ये शिकवला होता. पण साडेआठची आठवण कधी पावणेनऊला येते, कधी येतच नाही.

गारवेल:

वर्कमॅनेजर घड्याळासाठी नाही हो. "हे काम कधीतरी नक्की व्हावं, फोनला सोयीचं असेल तेव्हा" यासाठी आहे तो. ठराविक अंतराने करायच्या कामाला त्यात कमीत कमी १५ मिनिटांचं अंतर लागतं, आणि तेही ठरल्या मिनिटाला होईलच असं नाही. फोटो अपलोड, सिंक अशांना उत्तम. गोळीला अलार्ममॅनेजर. इथेच मी प्लगइनमध्ये दोन आठवडे घालवले होते म्हणून आठवतंय.

रात्रपाळी:

हो, अलार्ममॅनेजर. पण हा भाग सगळ्यात जास्त बदललेला आहे, म्हणून सावकाश.

अँड्रॉइड ६ मध्ये, २०१५ साली, डोझ आला. फोन टेबलावर निवांत पडला की सिस्टिम ॲप्सना झोपवते आणि साधे अलार्म पुढे ढकलते. त्यातून उठवायचं तर "सेट एक्झॅक्ट अँड अलाऊ व्हाइल आयडल" किंवा "सेट अलार्म क्लॉक" लागतं. अँड्रॉइड १२ पासून अचूक अलार्मला वेगळी परवानगी आली, आणि १४ मध्ये नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲप्सना ती आपोआप मिळत नाही, वापरणाऱ्याला सेटिंगमध्ये नेऊन मागावी लागते. १३ पासून नोटिफिकेशन दाखवायलाही परवानगी विचारावी लागते. म्हणजे अलार्म वेळेवर वाजला तरी नोटिफिकेशनची परवानगी नसेल तर बाबांना काहीच दिसणार नाही. दोन्ही परवानग्या आहेत का ते ॲप उघडताना दरवेळी तपासा, नसतील तर मोठ्या अक्षरात सांगा.

फोन बंद करून चालू केला की सगळे अलार्म पुसले जातात. बूट झाल्याचा संदेश पकडणारा रिसीव्हर लिहून तिथे पुन्हा लावायचे. सेटिंगमधून "सक्तीने थांबवा" केलं तरी पुसले जातात आणि ॲप पुन्हा उघडेपर्यंत काहीच वाजत नाही. शिवाय काही कंपन्यांच्या फोनमध्ये बॅटरी वाचवायची स्वतःची वेगळी यंत्रणा असते, तिथे ॲपला सूट द्यावी लागते, हे हाताने सेटिंगमध्ये जाऊनच.

टेस्ट करायला रात्रभर वाट बघू नका. एडीबीमधून (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणारं साधन) डम्पसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल अशी आज्ञा दिली की फोन तिथल्या तिथे डोझमध्ये जातो. डम्पसिस अलार्म दिलं की लावलेल्या सगळ्या अलार्मची यादी येते, त्यात तुमचं पॅकेज आणि वेळ शोधा. एडीबी हे असं साधन आहे की ते दहा टक्के जरी आलं तरी अर्धे अंदाज बंद होतात.

सुगरण_पाखरू:

मी डिझाइनमधली, ॲप्सच्या स्क्रीन बनवते. बाबांना बटणं दिसत नाहीत हे वाचलं आणि राहवलं नाही.

अक्षरांचं माप नेहमी एसपीमध्ये द्या, डीपीत नाही, म्हणजे फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलं की तुमच्या ॲपमध्ये पण होतं. अँड्रॉइड १४ पासून ते २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतं. मग लगेच ते सेटिंग शेवटपर्यंत ओढून तुमची प्रत्येक स्क्रीन बघा. जिथे चौकटीला ठरावीक उंची दिलीय तिथे देवनागरीची वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो, "र्कि" किंवा "ट्रू" असं काही लिहून बघा म्हणजे कळेल. इंग्रजी अक्षरांवर बनवलेल्या साच्यात आपली अक्षरं नेहमी गुदमरतात, म्हणून उंची ठरवूच नका, आतल्या मजकुराला ठरवू द्या. बटणाला कमीत कमी ४८ डीपी जागा हवी, बाबांसाठी मी ६४ तरी देईन. आयफोनवर तोच आकडा ४४ पॉइंट आहे.

आणि टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) चालू करून, डोळे मिटून एकदा स्वतःचं ॲप वापरून बघा. "घेतली" आणि "नंतर" ही बटणं नुसती चित्रं असतील तर टॉकबॅक "लेबल नसलेलं बटण" असं वाचेल. हे मला पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा मी केलेल्या सगळ्या जुन्या स्क्रीन डोळ्यासमोर आल्या आणि फार वाईट वाटलं. त्यानंतर एकही स्क्रीन मी टॉकबॅकशिवाय पुढे दिलेली नाही.

नवा_गडी:

एक छोटी शंका, एवढं सगळं बदलत राहतो आपण तर आधीचं चालणारं मोडलं तर? मी फोल्डर कॉपी करून ठेवतो, शेवटचं, शेवटचं२, खरंच_शेवटचं असे.

उलटसुलट:

गिट, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदी ठेवणारं साधन. आजच. दहा आज्ञा शिकायच्या नाहीत, तीनच शिका, बदल निवडायचे, नोंद करायची, आणि जुन्या नोंदीकडे जाऊन बघायचं. नियम एकच ठेवा, ॲप चाललं की नोंद, नवीन प्रयोग सुरू करण्याआधी नोंद. आणि ॲप आपलंच आहे अशी सही करायची की-स्टोअर फाइल आणि तिचा पासवर्ड गिटमध्ये चुकूनही टाकू नका, वेगळ्या सुरक्षित ठिकाणी दोन प्रती ठेवा.

माझ्या ओळखीतल्या एकाची अशी सहीची की हरवली होती, जुन्या काळची गोष्ट, स्वतःच्याच ॲपला अपडेट देता येईना, नव्या नावाने पुन्हा टाकावं लागलं आणि आधीचे सगळे वापरणारे गेले. आता प्ले ॲप सायनिंगमध्ये मूळ की गूगलकडे राहते आणि आपल्याकडची अपलोड की हरवली तर बदलून मागता येते, २०२१ च्या ऑगस्टपासून नवीन ॲप्सना ते सक्तीचंच आहे. पण तोवर त्या माणसाने जे भोगलं ते मी जवळून बघितलंय.

पाटीपेन्सिल:

दहा दिवसांनी लिहितेय. मधे फक्त कोड आणि कोड.

अलार्म वाजतो. साडेआठला साडेआठलाच. फोन बंद करून चालू केला, तरी वाजला. डोझमध्ये ढकलून बघितला, वाजला. अक्षर २०० टक्के केलं तेव्हा तीन स्क्रीन मोडल्या होत्या, दुरुस्त केल्या. टॉकबॅक "लेबल नसलेलं बटण" म्हणाला तेव्हा सुगरण_पाखरू यांची आठवण आली.

आणि एक सांगायचंय, हे कुणालाही न विचारता सापडलं म्हणून. दिवसाआडची गोळी महिना संपला की सलग दोन दिवस दाखवत होती. औषध आहे, त्यामुळे पोटात गोळाच आला. आधी वाटलं अलार्म दोनदा लागतोय, डम्पसिस अलार्म बघितलं तर एकच होता. मग जिथे "आज आहे का" ठरतं तिथे ब्रेकपॉइंट लावला म्हणजे कोड तिथे थांबेल, एम्युलेटरची (कॉम्प्युटरवरच्या नकली फोनची) तारीख पुढे नेली आणि एकेक ओळ चालवत गेले. मी तारीख विषम आहे का ते बघत होते. ३१ विषम आणि १ पण विषम! आता पहिल्या गोळीच्या दिवसापासून किती दिवस झाले ते मोजते आणि त्याला दोनने भाग जातो का बघते. फेब्रुवारी आणि वर्षअखेर दोन्हीसाठी टेस्ट लिहिल्या, आयुष्यातल्या पहिल्या युनिट टेस्ट. तोवर बाबांना कागदावरची यादीच बघायला सांगितली होती, ती पण अजून काही दिवस राहणार आहे.

आत्याच्या फोनवर पण हवंय म्हणून प्ले स्टोअरवर टाकायचा विचार आहे. तिथे कळलं की माझ्यासारख्या नव्या वैयक्तिक खात्याला आधी क्लोज्ड टेस्ट, म्हणजे निवडक लोकांकडून चाचणी, घ्यावी लागते.

रात्रपाळी:

तारीख पुढे नेऊन बघितलीत ते फार छान केलंत.

हो, १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ते आहे. आधी २० टेस्टर लागायचे, २०२४ च्या डिसेंबरपासून १२ केलेत. सलग १४ दिवस ते टेस्टमध्ये राहिले पाहिजेत, मधेच कुणी बाहेर पडलं तर मोजणी बिघडते. म्हणून बारावर थांबू नका, पंधरा-सोळा घ्या. आणि नुसते नावाला नकोत, त्यांना ॲप खरंच वापरायला सांगा आणि काय अडलं ते लिहून घ्या, कारण नंतर अर्ज करताना टेस्टमधून काय कळलं ते विचारतात. अचूक अलार्मची परवानगी का हवी तेही स्पष्ट लिहून ठेवा, गोळीची वेळ हे कारण सांगायला सोपं आहे. क्रॅश कळायला क्रॅशलिटिक्स जोडायचं असेल तर कुठली माहिती बाहेर जाते ते डेटा सेफ्टीच्या फॉर्ममध्ये खरं खरं भरा, औषधांची नावं त्यात कधीच जाऊ देऊ नका.

निळी_शाई:

आमच्याकडे टेस्टफ्लाइट या ॲपलच्या चाचणीच्या सोयीला अशी किमान संख्येची अट नाही, बाहेरचे १०,००० टेस्टर चालतात आणि एक बिल्ड ९० दिवस टिकतं. तुमचं आयफोनसाठी करायची वेळ आली तर हाक मारा, मी आहे.

पाटीपेन्सिल:

घरचे आणि ऑफिसमधले धरून नऊ जण झाले. कमीत कमी आणखी तीन टेस्टर तरी हवेत, जास्त असतील तर उत्तमच. फोन मराठीत असलेले असतील तर फारच बरं.

सुगरण_पाखरू:

मी एक. फोन मराठीतच आहे, अक्षर मोठं करून वापरेन.

नवा_गडी:

मी पण. माझा फोन इंग्रजीत आहे, चौदा दिवस मराठीत ठेवतो.

उलटसुलट:

माझी अख्खी बॅच घ्या, सात जण आहेत. त्यांना सांगतो की यात मी काहीही बिघडवलेलं नाही, तरी शोधा.